मानसिक थकव्यामागचे शरीर

न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये एका शोधनिबंधात कामाच्या दीर्घ ताणाने माणसाला येणाऱ्या रितेपणाचे वर्णन 'बर्नआउट' या शब्दाने केले आणि पुढे तो शब्द जगभर रूढ झाला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आणि तिची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून पूर्वीसारखे काम होत नाही ही जाणीव. या अवस्थेचे निदान करणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. ती रुग्णाच्या सांगण्यावरूनच ओळखली जाते. अडचण अशी, की यांतील पहिले आणि तिसरे लक्षण रक्तातील लोह कमी झाल्यानेही दिसते, थायरॉइड ग्रंथी मंदावल्यानेही दिसते आणि झोप बिघडल्यानेही दिसते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो, त्यामुळे शरीरातील तुटवड्याची झळ एकाग्रता, स्मरण आणि उत्साह यांना लवकर पोहोचते. लोह हे याचे ठळक उदाहरण आहे. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा तो घटक आहेच, शिवाय उत्साह व प्रेरणा यांच्याशी संबंधित असलेले डोपामिन हे रसायन ज्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, साहाय्याने तयार होते, त्यालाही लोहाची गरज असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत आणि २५ टक्के पुरुषांत रक्तक्षय आढळला; महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्के होते. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन हिमोग्लोबिनच्या आधी घसरते, म्हणून हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा जाणवू शकतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोहाचे शोषण घटवतो, तर पालेभाजी-डाळीवर पिळलेले लिंबू ते वाढवते.

बी-१२ जीवनसत्त्वाची कथा अधिक फसवी आहे. ते मांस, मासे, अंडी आणि दूध या प्राणिज अन्नातून मिळते आणि मज्जातंतूंवरील मायलिन नावाचे संरक्षक आवरण टिकवण्यासाठी लागते. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्याने कमतरता सावकाश वाढते आणि विस्मरण, चिडचिड, हातापायांना मुंग्या अशा रूपांत उशिरा प्रकट होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील माता-पोषण अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यासही हे जीवनसत्त्व कमी शोषले जाते. आहारात फोलेट भरपूर असेल, तर या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय दिसत नाही आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले, की विचारांची गती मंदावते, वजन वाढते, थंडी सहन होत नाही. टीएसएच ही साधी रक्ततपासणी त्याचा सुगावा देते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या व्यक्तीला आठ तास झोपूनही सकाळी ताजेतवाने वाटत नाही. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात, म्हणजे सायंकाळी पाचची कॉफी रात्री दहालाही अर्धी शिल्लक असते. 'ॲड्रीनल ग्रंथी थकल्या' असे सांगून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना मात्र वैद्यकशास्त्राचा आधार नाही, कारण असा आजारच मान्य झालेला नाही.

ताण आणि पोषण यांचे हे नाते दुहेरी आहे. कामाच्या रेट्यात जेवण चुकते, चहा-बिस्किटांवर दिवस निघतो, झोप उडते, आणि या कुपोषणामुळे तेच काम अधिक जड वाटू लागते. त्यामुळे काही आठवडे टिकलेल्या थकव्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, टीएसएच आणि रक्तशर्करा तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण लोह जास्त साठले तर तेही घातक असते. आणि मन सतत उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नैराश्याचे निदान व उपचार वेगळे करावे लागतात. सर्व तपासण्या निर्दोष येऊनही जो थकवा हटत नाही, त्याचे मूळ कामाच्या तासांत, मनुष्यबळाच्या टंचाईत आणि नाकारलेल्या रजेत शोधावे लागते. त्या दुरुस्तीची जबाबदारी कर्मचाऱ्याच्या ताटावर ढकलता येत नाही.