छोट्या तलावातला व्यायाम

सोसायटीच्या तलावात चार हात मारले की भिंत येते. नवख्याने तिथे पोहण्याचा हट्ट सोडावा आणि सरळ चालावं. पाणी कमरेइतकं असलं तर पायांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत असलं तर त्याहून बरंच कमी. गुडघे कुरकुरणाऱ्यांना हे म्हणूनच मानवतं.

पण सोपं समजू नका. पाणी हवेच्या जवळपास 800 पट दाट असतं, आणि हालचालीचा वेग दुप्पट केला की त्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे डंबेल्स लागतच नाहीत. तळहात सुरीसारखा उभा फिरवला तर पाणी वाट देतं. तोच सपाट धरून ढकला, दंड लगेच भरून येतात. चालताना टाच आधी टेकवा. बहुतेक जण पुढे वाकून चवड्यांवर चालतात आणि मग पोटऱ्या धरतात.

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. पाण्यात नाडी थोडी हळू चालते, तेव्हा घड्याळातले आकडे पाहण्यापेक्षा बोलता येईल इतपतच दम लागू द्या. घामही येतो, फक्त कळत नाही; प्यायच्या पाण्याची बाटली काठावर ठेवा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पाणी उथळ असलं तरी एकट्याने उतरू नका.