लेखणीवर पोट भरणारा माझा विद्यार्थी

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुलाने पुढे काय करावे, या प्रश्नाला माझ्याजवळ कित्येक वर्षे एकच ठरलेले उत्तर होते : आधी नोकरी पाहा, मग लिहा. वर दाखलेही तयार असत. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाची व्यवस्था पाहात, खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवीत, फडके कोल्हापूरला प्राध्यापक होते. केवळ लेखणीवर संसार करणारे असे किती?

हे उत्तर खोटे पाडले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचे जन्माचे वैर. त्याची उत्तरपत्रिका तपासताना माझी लाल शाई संपायची. आज तो नाटके लिहितो, आणि दुसरे काहीही करीत नाही. घरी बायको आहे, दोन मुले आहेत, आणि गेल्या वर्षी त्याने कौले उतरवून घरावर स्लॅब टाकला. मी अजून भाड्याच्या घरात राहतो, हे ओघाने आले म्हणून सांगतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल, मूलसारख्या गावात राहून नाटकांवर कोण जगतो? त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगायला हवे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे आमची झाडीपट्टी. दंडार आणि खडी गंमत हे इथले जुने खेळ. त्यांच्याच अंगाखांद्यावर इथले नाटक वाढले. धान कापून घरात आले, चार पैसे हाती खेळू लागले, की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव कनाती उभ्या राहतात. खुर्चीचे तिकीट वेगळे, जमिनीवर बसण्याचे वेगळे. रात्री पडदा वर गेला की तो पहाटेच खाली यायचा. त्या रात्री घरोघर पाहुणे असतात, आणि नाटकाच्या निमित्ताने मुलगी पाहून सोयरीक जुळल्याच्या हकिकती इथे हव्या तितक्या ऐकायला मिळतील.

या साऱ्या कारभाराची पेठ म्हणजे वडसा. मूल-मारोड्याला गोंदियाची गाडी धरली की सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करीत आपण तिथे पोचतो. पन्नासाहून अधिक नाट्यमंडळ्या या मुलुखात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींची कार्यालये वडशाच्या रस्त्यांवर ओळीने मांडलेली दिसतात. गावची मंडळी येतात, फलक न्याहाळतात, घासाघीस करतात आणि नाटक ठरवून जातात. जणू बैलजोडीच घ्यायला आली आहेत.

1932 साली 'अयोध्येचा राजा' आला, मराठी चित्रपट बोलू लागला आणि पाहता पाहता मोठमोठ्या नाटक कंपन्यांचे संसार विसकटले. आमच्याकडची नाटके मात्र टिकली. शंकरपटाला जोडून नाटक, ही इथली जुनी रीत. न्यायालयाच्या आदेशाने 2014 पासून 2021 च्या डिसेंबरपर्यंत पट बंद होते, तेव्हाही कनाती लागतच राहिल्या. 2020 च्या साथीने मात्र हंगाम मोडला. त्या हिवाळ्यात माझा हा विद्यार्थी धानाच्या गिरणीवर पोती मोजायला जात होता. पुढे 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही सर्वांनी पेढे वाटले. लेखकांपैकी कोणाला असा मान मिळेल तेव्हा मिळेल. सध्या तरी नाटकाच्या फलकावर नटनट्यांची छायाचित्रे हातभर असतात, आणि लेखकाचे नाव शोधायला चष्मा लागतो.

मग त्याला पैसा मिळतो कसा? मी त्याला एकदा सविस्तर विचारले. पावसाळ्यात तो लिहितो. लिहून झाले की मंडळीच्या मालकापुढे वाचन. नाटकात रडू हवे, हसू हवे, गाणी हवीत, एखादी लावणी हवी, आणि नाव असे हवे की फलक वाचताच सायकलवाल्याने ब्रेक लावावा. पसंत पडले तर काही रक्कम इसार म्हणून हाती येते, आणि पुढे जितके प्रयोग होतील तितक्यांचे ठरलेले मानधन. आकडा त्याने मला सांगितला, तो मी छापीत नाही, कारण एका प्रयोगाला त्याला जे मिळते ते, माझ्या एका कथेला एका मासिकाने दिले त्याहून (आणि तेही तीन स्मरणपत्रांनंतर!) जास्त आहे. नाटक लोकांना भावले तर तीन-तीन, चार-चार हंगाम चालते, आणि जुने नाटक नव्याची उधारी फेडते. त्याचा सारा संसार या एका गोष्टीवर उभा आहे, की नाटक पाहायचे तर रात्री कनातीत येऊन बसावे लागते.

आणि नेमकी हीच गोष्ट आता राहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचे एक नाटक चांगले चालले होते. हंगामाच्या मध्यावर कोणीतरी ते आरंभापासून शेवटापर्यंत मोबाइलवर टिपले आणि यूट्यूबवर टाकले. पाहणाऱ्यांचा आकडा भराभर वाढत गेला. हा आधी हरखून गेला, मलाही त्याने ते कौतुकाने दाखविले. पुढच्या हंगामात गावची मंडळी वडशाला आली ती म्हणाली, "हे तर आमी पाह्यलं." जाहिरातींचा जो काही पैसा तिथे मिळतो तो ज्याची वाहिनी त्याला जातो. लिहिणाऱ्याला काय, तर आकडा पाहण्याचे समाधान.

यंदा पोळ्याच्या सुमारास तो घरी आला, तेव्हा चहा निवला तरी त्याने कपाला हात लावला नाही. मंडळीचा मालक म्हणत होता, चोर टाकतात त्यापेक्षा आपणच नाटकांचे चांगले चित्रण करू आणि आपल्याच वाहिनीवर टाकू. पाच नाटकांचे मिळून एकरकमी पैसे देतो, कागदावर सही कर. रक्कम लहान नव्हती. थोरल्या मुलाची फी भरायची होती.

"सर, मले समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "इकू का नोको इकू?"

माझ्या विषयात हा प्रश्न येत नाही. तो कागद मी वाचला. 'सदर नाटकांचे सर्व हक्क कायमचे' अशी त्यात एकच ओळ होती, आणि तीही अशुद्ध. मग दोन रात्री मी 1957 चा स्वामित्व हक्काचा कायदा घेऊन बसलो. वाचून चकित झालो, कारण त्या कोरड्या कलमांत लेखकाची बरीच चिंता वाहिलेली आहे. लेखी आणि सही केलेला करार असल्याशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही. रंगमंचावर करण्याचा, छापण्याचा, चित्रण करण्याचा हक्क, हे सगळे निरनिराळे देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षांची धरली जाते. लेखकाच्या मागे साठ वर्षे त्याच्या वारसांना हक्क राहतो. म्हणजे ज्या मुलाच्या फीसाठी हा सही करायला निघाला होता, त्याच मुलाच्या तोंडचा घास त्या एका 'कायमचे' मध्ये जाणार होता.

मी त्याला नवा कागद लिहून दिला : पाचांऐवजी दोन जुनी नाटके, फक्त चित्रणाचा हक्क, मुदत तीन वर्षे, वाहिनीच्या उत्पन्नात वाटा, आणि चालू हंगामातले नाटक होळीपर्यंत कोठेही टाकायचे नाही. मी मोठ्या ऐटीत लिहिले खरे, पण मनात धाकधूक होती. मालकाने रागाने पुढची नाटकेच घेतली नाहीत तर? माझा पगार एक तारखेला येणार होता; त्याचा येणार नव्हता. हे मी त्याला बोलूनही दाखविले. तो म्हणाला, "सर, दुसऱ्या मंडळ्या हायेत ना." हे त्याने मला धीर द्यायला म्हटले की स्वतःला, ते कळले नाही.

सकाळच्या गाडीने तो वडशाला गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. मालकाने कागद दोनदा वाचला आणि विचारले, हे कोणत्या वकिलाने लिहिले?

"मी सांगतलो, आमच्या मराठीच्या सरांनं."

"मग?"

"म्हनते, तरीच वाक्यं एवडे लंबे हायेत."

सही झालेली नाही. दोन नाटकांचे मान्य आहे, वाट्याचे मान्य नाही, होळीनंतर पुन्हा बसू, असे ठरले आहे. फी त्याने सध्या बायकोच्या बचतगटातून कर्ज काढून भरली. भाऊबीजेच्या रात्री त्याच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे. आम्हा दोघांना त्याने खुर्चीची तिकिटे पाठविली आहेत, आणि सोबत निरोप, की फलकावर या वेळी नाव जरा मोठे छापून घेतले आहे, चष्मा विसरलात तरी चालेल.