अपरिचित गीतकार-गायकांचा शोध : छोट्या सभागृहांचे मोठे कार्य

ज्याची ध्वनिमुद्रिका निघालेली नाही आणि ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, अशा कलावंताला पहिला श्रोता कोठे मिळतो? पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या उपाहारगृहाच्या कोपऱ्यातील लहानशा मंचापाशी सापडते. अशा जागा टिकवायच्या कोणी आणि कशा, हा प्रश्न मात्र अलीकडच्या काळात गंभीर झाला आहे.

गीतकार-गायक ही संज्ञा मराठी रसिकांना थोडी वेगळी वाटू शकते. आपल्याकडे भावगीत म्हटले की कवी, संगीतकार आणि गायक अशा तीन व्यक्ती डोळ्यांसमोर येतात. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'चे शब्द ग. दि. माडगूळकरांचे होते आणि चाली सुधीर फडके यांच्या. स्वतःच शब्द रचणारा, स्वतःच चाल लावणारा आणि एका गिटारीच्या साथीने स्वतःच गाणारा कलावंत या तिन्ही भूमिका एकटा पार पाडतो. त्याच्या गाण्यात शब्दाला मोठे महत्त्व असते. म्हणूनच त्याला विशाल मैदानापेक्षा शब्द स्पष्ट ऐकू येईल अशी खोली अधिक मानवते.

न्यूयॉर्कमधील सोमवारची रात्र

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील 'गर्डीज फोक सिटी' हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. माइक पोर्को या इटालियन स्थलांतरिताच्या या उपाहारगृहात १९६० पासून लोकसंगीताचे कार्यक्रम होऊ लागले. सोमवारी तेथे कोणीही नवोदित मंचावर येऊन गाऊ शकत असे. उपाहारगृहांच्या धंद्यात आठवड्याचा आरंभ मंदीचा असतो. रिकाम्या खुर्च्या भरण्याची मालकाची गरज आणि श्रोता मिळवण्याची नवोदिताची गरज अशा रात्री एकमेकींना पूरक ठरते.

मिनेसोटा राज्यातून जानेवारी १९६१ मध्ये आलेला बॉब डिलन हा युवक याच मंचावर पोहोचला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो तेथे 'ग्रीनब्रायर बॉइज' या चमूच्या कार्यक्रमापूर्वी गात होता. श्रोते मुख्यतः त्या चमूसाठी आले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक रॉबर्ट शेल्टन यांनी मात्र २९ सप्टेंबर १९६१ च्या अंकात या अनोळखी गायकाचीच विशेष दखल घेतली. त्याच सुमारास कोलंबिया कंपनीचे निर्माते जॉन हॅमंड यांनी त्याला करारबद्ध केले.

मार्च १९६२ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील तेरा गाण्यांपैकी अवघी दोन त्याची स्वतःची होती आणि तिची विक्रीही बेताचीच झाली. याचा अर्थ असा की, गर्डीजमध्ये जे ओळखले गेले ते पूर्ण विकसित रूप नव्हते, तर एक शक्यता होती. याच डिलन यांना २०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही त्यांच्या गीतांचा चाहता वर्ग आहे. शिलाँगमध्ये लू माजॉ हे गायक १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी डिलन यांचा वाढदिवस संगीताच्या कार्यक्रमाने साजरा करीत आले आहेत.

नव्वद आसनांचे 'ब्लूबर्ड कॅफे'

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील 'ब्लूबर्ड कॅफे'ने या प्रक्रियेला अधिक शिस्तबद्ध रूप दिले. एमी कर्लंड यांनी १९८२ मध्ये हे उपाहारगृह सुरू केले तेव्हा संगीत हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. दुकानांच्या एका साध्या रांगेतील ही जागा असून तेथे सुमारे नव्वद जणांचीच बैठक व्यवस्था आहे.

येथे नवोदितासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे सोमवारचा खुला मंच, जेथे एक-दोन गाणी सादर करता येतात. निवड चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्यांना रविवारच्या गीतकार-रात्रीत स्थान मिळते. अनुभवी गीतकारांसाठी 'वर्तुळातील' मैफल असते. त्यात बहुधा चार गीतकार खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीने आपली गाणी व त्यांच्या जन्मकथा सांगतात. श्रोते त्यांच्याभोवती, हात लांब केला तर स्पर्श होईल इतक्या जवळ बसलेले असतात.

नॅशव्हिलमधील अनेक गीतकार इतर गायकांसाठी लिहितात. त्यामुळे येथे अनेकदा असा प्रसंग येतो की, समोरचा चेहरा सर्वस्वी अपरिचित असतो, पण तो गाऊ लागताच गाणे ओळखीचे निघते. आकाशवाणीवर वर्षानुवर्षे ऐकलेल्या गाण्याचा कवी अचानक समोर येऊन बसावा, तसा हा अनुभव असतो.

गाणे सुरू असताना बोलू नये, हा या जागेचा प्रसिद्ध नियम आहे. १९८८ मध्ये येथे झालेल्या एका कार्यक्रमात गार्थ ब्रुक्स हा गायक कॅपिटॉल कंपनीचे अधिकारी लिन शल्ट्स यांच्या कानावर पडला. त्याच कंपनीने त्याला थोड्याच दिवसांपूर्वी नकार दिला होता. गायक तोच होता, परंतु कार्यालयातील टेबलासमोर न उमगलेले गाणे शांत बसलेल्या श्रोत्यांमध्ये उमगले. पुढे ब्रुक्स अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या गायकांपैकी एक ठरला. २००४ मध्ये चौदा वर्षांच्या टेलर स्विफ्टचे गाणे स्कॉट बोर्चेटा यांनी येथेच ऐकले आणि आपल्या नव्या कंपनीसाठी तिची निवड केली.

शांततेचे अर्थकारण

परंतु याच शांततेत अशा जागांची अडचणही दडलेली आहे. त्यांचे उत्पन्न मुख्यतः खाद्यपेयांवर अवलंबून असते, तर तन्मय होऊन ऐकणारा श्रोता फारसे काही मागवत नाही. आसने मोजकी असल्याने तिकिटांतून मिळणाऱ्या रकमेलाही मर्यादा असते. जागेचे भाडे मात्र वाढत जाते. गर्डीज फोक सिटी १९८७ मध्ये बंद पडले. मुंबईत लोअर परळच्या गिरणी आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या आणि स्वतंत्र रचना करणाऱ्या कलावंतांना मंच देणाऱ्या 'ब्लू फ्रॉग'लाही २०१६ मध्ये तेथील कार्यक्रम थांबवावे लागले.

ब्रिटनमध्ये अशा लहान संगीतस्थळांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तिच्या अहवालानुसार, एकट्या २०२३ मध्ये त्या देशातील १२५ लहान संगीतस्थळे बंद झाली किंवा तेथील संगीत थांबले. मोठ्या स्टेडियममधील कार्यक्रमांच्या प्रत्येक तिकिटामागे साधारण एक पौंड या लहान जागांसाठी द्यावा, असा प्रस्ताव तेथे पुढे आला आणि २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने संगीत उद्योगाला अशी ऐच्छिक वर्गणी लागू करण्याचे आवाहन केले. आज स्टेडियम भरवणारे अनेक कलावंत पूर्वी अशाच खोल्यांत गात होते, हा या मागणीमागील युक्तिवाद आहे.

ब्लूबर्डने दुसरा मार्ग स्वीकारला. २००८ मध्ये कर्लंड यांनी हे उपाहारगृह गीतकारांच्याच एका ना-नफा संघटनेकडे, 'नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल'कडे सोपवले. त्यामुळे ज्यांना या मंचाची गरज सर्वाधिक, त्यांच्याच हाती त्याचा कारभार आला.

आज इंटरनेटमुळे कोणताही कलावंत आपले गाणे घरबसल्या जगापुढे ठेवू शकतो. मात्र तेथे पहिल्या दहा सेकंदांत न रुचलेले गाणे श्रोता सहज सोडून देतो. लहान सभागृहात नाव माहीत नसलेल्या गायकाचेही गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकले जाते. कार्यक्रमानंतर दाराशी उभ्या असलेल्या त्या गायकाशी दोन शब्द बोलता येतात आणि त्याची ध्वनिमुद्रिका त्याच्याच हातून विकत घेता येते. अनेक नवोदितांच्या पुढच्या गावापर्यंतच्या प्रवासाचा खर्च अशाच खरेदीतून भागतो.