सोलाण्याची मूठ आणि वैमानिकाची खुर्ची

ओल्या हातातून सोलाणं निसटलं, की माणूस स्वतःलाच बोल लावतो. मूठच चुकीची असेल, हे सहसा मनात येत नाही. वापरणाऱ्याची गरज ओळखून वस्तू घडवण्याबद्दलचे असे काही समज अमेरिकेतल्या अनुभवांनी खोडून काढले आहेत.

गैरसमज : सरासरी माणसाला बसेल, ते सगळ्यांना बसेल.

वस्तुस्थिती : १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली. संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यांतल्या ४,०६३ जणांची उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापं ताडून पाहिली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेला वैमानिक एकही निघाला नाही! पुढे वैमानिकाच्या मापाप्रमाणे जुळवून घेता येणाऱ्या खुर्च्यांवर भर आला.

गैरसमज : चूक झाली, तर ती वापरणाऱ्याचीच.

वस्तुस्थिती : २८ मार्च १९७९. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला, पण पॅनेलवरचा त्याचा दिवा विझला. व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम सुटला, एवढंच तो दिवा सांगत होता. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला का, हे सांगण्याची सोयच त्यात नव्हती. कर्मचारी दिव्यावर विसंबले आणि दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीतलं पाणी निसटत राहिलं. गाभा अंशतः वितळला. तिथल्या नियंत्रण कक्षाचा अभ्यास करणारे डोनाल्ड नॉर्मन पुढे वापरणाऱ्याला सोयीच्या रचनेचे मोठे अभ्यासक झाले. यंत्राने आपली खरी स्थिती माणसाला कळवलीच पाहिजे, यावर त्यांचा भर आहे.

गैरसमज : चाचणी घ्यायला चालतं यंत्र हवं.

वस्तुस्थिती : १९९६ मध्ये आलेल्या पामपायलट या खिशात मावणाऱ्या संगणकाचे जनक जेफ हॉकिन्स यांनी आधी खिशात लाकडाचा ठोकळा बाळगला. कुणी भेटीची वेळ मागितली, की ते तो काढून त्यावर नोंद केल्यासारखं करत. खिशात काय मावतं आणि दिवसभरात कशाची गरज पडते, हे त्यातून कळलं.

गैरसमज : अधू हातांसाठी केलेली वस्तू इतरांच्या कामाची नाही.

वस्तुस्थिती : बेट्सी फार्बर यांना संधिवातामुळे बारीक धातूच्या मुठीचं सोलाणं धरवेना. त्या आणि पती सॅम यांच्या प्रयत्नांतून, न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या कंपनीच्या मदतीने, १९९० मध्ये ऑक्सो कंपनीची ‘गुड ग्रिप्स’ ही स्वयंपाकघरातली अवजारं बाजारात आली. मूठ जाड, मऊ रबरासारखी. अंगठा टेकतो तिथे दाबल्यावर वाकणाऱ्या पातळ पट्ट्या. ओल्या हातातही ही मूठ घसरत नाही. ठणठणीत हातांच्या गिऱ्हाइकांनीही हीच अवजारं उचलली.