खडेमीठ म्हणजे समुद्र नव्हे

मी कापडवाला, तरी व्यापारी बंधूंना हे सांगावेसे वाटते. मुंबईतल्या एका दुकानदाराने ‘पाण्यात खडेमीठ टाका, उद्या मासे सोडा’ असे सांगून माझ्या नातवाला दोन क्लाऊन मासे दिले. चार दिवसांत दोन्ही मेले.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि ते नुसते मीठ नव्हे. मिठागरात मीठ धरताना मॅग्नेशियम बहुतांशी मागच्या पाण्यातच राहते. म्हणून टाकीसाठी वेगळे सागरी मीठ विकतात. शिवाय माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी आटले तर भर गोड्या पाण्याची. मीठ उडून जात नाही. समुद्रफुलावाचून क्लाऊन जगत नाही, ही आणखी एक थाप.

‘महिनाभर थांबा’ म्हटले असते तर विक्री लांबली असती, एवढेच. आता गिऱ्हाईकच गेले. नवी टाकी माशांवाचून चालू आहे. नातू आठवडे मोजतो आहे.