खेळ विकत घेतला, पण मालक कोण?

परवा आमच्यातल्या एकीच्या घरी गंमत झाली. रात्री साडेदहाची वेळ, भांडी घासून ती नुकती टेकली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाचा असा ओरडला की तिला वाटलं, पोराला विंचू चावला. धावत जाऊन पाहते तर हा मोबाईलपुढे उभा राहून टाळ्या वाजवतोय. अमेरिकेत एका व्हिडिओ गेमच्या कंपनीचा कार्यक्रम चालू होता. नवा गेम येणार असं जाहीर झालं, आणि ह्याला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिने स्टेशनवर हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण मग एकजण म्हणाली, अगं, म्हणजे ही जाहिरातच झाली ना? जाहिरात बघायला कुणी रात्र जागवतं का? म्हणून भाच्यालाच बोलावून घेतलं. त्याने बरंच सांगितलं. त्यातली २०१३ सालची एक हकीकत ऐकताना आमचं हसू थांबलं. गोष्ट अमेरिकेतली, खेळ पोरांचा, पण भांडण आपल्या ओळखीचं निघालं. आजचा भाग त्यावरच आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. टीव्हीला जोडून खेळायचा एक डबा असतो, त्याला कन्सोल म्हणतात. आपल्याकडेही पूर्वी असे डबे होते, आठवतंय? कॅसेट खोचायची आणि मारिओ पळवायचा. एका पोराकडे एक कॅसेट, दुसऱ्याकडे दुसरी, आणि सुट्टीभर त्यांची अदलाबदल चालायची. पुढे कॅसेट गेली आणि सीडीसारखी चकती आली. अमेरिकेत एका नव्या गेमची चकती तेव्हा ६० डॉलरला मिळायची. डॉलर ५८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एक खेळ साडेतीन हजारांना. एवढा महाग खेळ म्हटल्यावर तिकडची पोरंही आपल्यासारखंच करायची. खेळून झाला की मित्राला द्यायचा, नाहीतर जुन्या मालाच्या दुकानात विकून त्या पैशात दुसरा घ्यायचा. शाळेची पुस्तकं पुढच्या वर्षीच्या मुलाला अर्ध्या किमतीत देतो ना आपण, तसंच.

हे कन्सोल बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या म्हणजे अमेरिकेची मायक्रोसॉफ्ट आणि जपानची सोनी. मायक्रोसॉफ्टचा डबा एक्सबॉक्स, सोनीचा प्लेस्टेशन. सात-आठ वर्षांनी एकदा नवा डबा येतो, आणि तो आला की गाजावाजा करून दाखवतात. जूनमध्ये लॉस एंजेलिस शहरात ई-थ्री नावाचं प्रदर्शन भरायचं. सभागृहात बसायचे पत्रकार, व्यापारी आणि कंपन्यांची माणसं. चाहते म्हणजे ज्यांच्या खिशातून पैसे जायचे ते, घरी बसून इंटरनेटवर बघायचे.

२१ मे २०१३ ला मायक्रोसॉफ्टने आपला नवा डबा दाखवला, एक्सबॉक्स वन. तासाभराच्या त्या कार्यक्रमात टीव्हीबद्दलच इतकं बोलणं झालं की लोकांनी नुसते ‘टीव्ही, टीव्ही, टीव्ही’ म्हणतानाचे तुकडे जोडून चेष्टेची चित्रफीत बनवली. खेळ मागायला आलो आणि तुम्ही टीव्ही काय दाखवता, असा राग होता. पण हा राग वरवरचा. खरी आग लागली ६ जूनला, नियम जाहीर झाले तेव्हा.

नियम असे होते. डब्याने चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटवरून कंपनीशी बोलायचं. नाही बोलला तर खेळ बंद. चकती तुमची, डबा तुमचा, वीजबिल तुम्ही भरलेलं, तरी बंद. खेळ मित्राला द्यायचा असेल तर तो मित्र तुमच्या यादीत किमान ३० दिवसांपासून असायला हवा, आणि प्रत्येक खेळ असा एकदाच देता येणार. थोडे दिवस उसना देणं सुरुवातीला नाहीच. जुना खेळ विकायचा तर ठरवून दिलेल्या दुकानातच, आणि तेही तो खेळ बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर.

हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे गटाने कर्ज काढून शेवयांचं मशीन घेतलं, आणि मशीन म्हणतंय, रोज सकाळी कंपनीला फोन करून मी गटाचीच आहे असं सांगा, तरच शेवया पाडते. शेजारच्या गटाला द्यायचं तर एकदाच, आणि महिन्याभराची ओळख असेल तरच! दुसरीला रेशन दुकान आठवलं. गहू समोर पोत्यात आहे, कार्ड हातात आहे, पण मशीनला रेंज नाही म्हणून अंगठा लागत नाही. भर उन्हात दोन-दोन तास थांबलेल्या बायकांना चोवीस तासांचा हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता कंपनीची बाजूही सांगायला हवी. जुन्या मालाच्या दुकानात एकच चकती चारदा विकली गेली, तर दुकानदाराला चारदा नफा होतो. पण खेळ बनवणाऱ्यांना, तीन-तीन वर्षं त्यावर काम केलेल्या माणसांना, पहिल्या विक्रीचेच पैसे मिळतात. शिवाय नव्या डब्यात खेळ एकदा आत उतरवला की पुढे चकती घालावी लागणार नव्हती. मग कुणी खेळ उतरवून घेऊन चकती मित्राला दिली, तर एका पैशात दोघं खेळणार. ते टाळायला रोजची तपासणी. या डब्यासोबत एक सोयही होती, घरातल्या दहा जणांना आपले खेळ वापरू देता येणार होते. हिशोब अगदीच वेडा नव्हता. फक्त तो मांडताना, ज्यांच्याकडे नेट नाही किंवा नव्या खेळाला पैसे नाहीत, अशी माणसं कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

अशी माणसं अमेरिकेतही पुष्कळ होती. खेड्यापाड्यातली, जिथे नेट येतं-जातं. सैन्यात आणि जहाजांवर महिनोन्महिने घराबाहेर असणारी. त्यांनी विचारलं, आम्ही काय करायचं? त्यावर एक्सबॉक्सचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी मुलाखतीत उत्तर दिलं, त्याचा अर्थ असा: ज्यांना नेट मिळत नाही त्यांच्यासाठीही आमच्याकडे वस्तू आहे, तिचं नाव एक्सबॉक्स ३६०. एक्सबॉक्स ३६० म्हणजे त्यांचाच जुना, २००५ साली आलेला डबा! पाणबुडीवर नोकरी करणाऱ्या एकाची तक्रार आपण वाचली आहे, तिथे नेट मिळणं सोपं नसणार, असंही ते म्हणाले. म्हणजे अडचण कळली होती. उत्तर मात्र ‘तुम्ही जुनंच वापरा’. नियमांपेक्षा हे वाक्यच लोकांना जास्त झोंबलं असं आमचं मत आहे. नाही म्हटलेलं माणूस सहन करतं, हिणवलेलं विसरत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. हा डबा सुरुवातीला २१ देशांतच चालणार असं जाहीर झालं होतं. त्यात भारत नव्हता. पोलंडही नव्हता. आणि गंमत म्हणजे एक्सबॉक्सच्या मंचावर ज्या मोठ्या खेळाची झलक दाखवली, तो ‘विचर थ्री’ पोलंडमधल्या कंपनीने बनवलेला. ज्यांनी खेळ रांधला, त्यांच्याच गावात पंगत नाही!

डब्यासोबत एक कॅमेराही घ्यावा लागणार होता, कायनेक्ट नावाचा. तो जोडल्याशिवाय डबा चालणार नव्हता, आणि हाक मारली की ऐकता यावं म्हणून तो कान उघडे ठेवून बसणार होता. नेमकं त्याच आठवड्यात, एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदांवरून, अमेरिकेचं सरकार मोठ्या कंपन्यांकडून लोकांची माहिती कशी मिळवतं हे वर्तमानपत्रांत छापून आलं. त्या कंपन्यांच्या यादीत मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. बैठकीच्या खोलीत कायमचा कॅमेरा ठेवायला मग कुणाचं मन धजणार?

आता १० जूनचा दिवस. सकाळी मायक्रोसॉफ्टचा कार्यक्रम झाला. किंमत जाहीर केली ४९९ डॉलर. संध्याकाळी सोनीचा. त्याआधी काही दिवस चाहत्यांनी सोनीच्या अधिकाऱ्यांना संदेशांचा पाऊस पाडला होता की तुम्ही तरी असं करू नका. सोनीचे अमेरिकेतले प्रमुख जॅक ट्रेटन मंचावर आले आणि शांतपणे म्हणाले की आमच्या प्लेस्टेशन फोरवर जुन्या खेळांना कसलंही नवं बंधन नाही. विका, उसना द्या, नाहीतर कायमचा ठेवा. सभागृह उठून ओरडायला लागलं. पत्रकारसुद्धा! नेट लागणार नाही, चोवीस तासांनी बंद पडणार नाही, असं ते पुढे म्हणाले, तेव्हा पुन्हा तोच गजर. किंमत सांगितली ३९९ डॉलर, पूर्ण शंभर डॉलर कमी. भाच्याने आम्हाला तो भाग दाखवला. खरं सांगतो, भाषा नीट न कळताही अंगावर काटा आला. जे कालपर्यंत सगळ्यांकडे होतं तेच कुणीतरी परत देतंय, आणि त्याला नव्या देणगीएवढ्या टाळ्या पडताहेत.

सोनीने त्याच दिवशी एक छोटीशी चित्रफीतही काढली, अर्ध्या मिनिटाचीही नाही. प्लेस्टेशनवर खेळ मित्राला कसा द्यायचा त्याच्या सूचना. पहिली आणि शेवटची पायरी: एक अधिकारी दुसऱ्याच्या हातात चकतीची डबी देतो. झालं.

पण त्या टाळ्यांत एक गोष्ट बुडून गेली, ती आम्ही मुद्दाम सांगतो. त्याच संध्याकाळी सोनीने हेही जाहीर केलं की नव्या डब्यावर नेटवरून इतरांसोबत खेळायचं असेल, तर बहुतेक खेळांसाठी आता सभासद वर्गणी भरावी लागेल. आधीच्या प्लेस्टेशन थ्रीवर ते फुकट होतं. लोकांचं लक्ष शंभर डॉलर वाचल्याकडे होतं. सेलमध्ये साडी स्वस्त मिळाली की फॉल-बिडिंगचे पैसे आपणही घरी आल्यावरच मोजतो.

नऊ दिवसांनी, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. मॅट्रिक यांनीच लिहून जाहीर केलं की तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं. सुरुवातीला एकदा डबा नेटला जोडा, पुढे रोजची तपासणी नाही, आणि चकती पूर्वीसारखी द्या, विका, उसनी घ्या. देशांची अटही गेली. ऑगस्टमध्ये कॅमेरा जोडण्याची सक्ती सुटली. जुलै लागताच मॅट्रिक कंपनी सोडून दुसरीकडे गेलेच होते.

सगळे खूश झाले का? नाही. माघारीसोबत दहा जणांना खेळ वाटण्याची सोयही गेली, आणि चकती दर वेळी घालणं आलं. काहींनी उलट सह्यांची मोहीम काढली, की आम्हाला आधी कबूल केलेलाच डबा द्या! आम्हाला हे वाचून ग्रामसभा आठवली.

नोव्हेंबरात दोन्ही डबे आठवड्याच्या अंतराने अमेरिकेत बाजारात आले. भारतात एक्सबॉक्स वन यायला २०१४ चा सप्टेंबर उजाडला. प्लेस्टेशन फोर पुढे जगभर अकरा कोटींहून जास्त विकला गेला. मायक्रोसॉफ्टने काही काळाने आपले विकलेले डबे मोजून सांगणंच बंद केलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. आम्ही भाच्याला विचारलं, तू कोणता खेळ घेतलास रे? त्याने मोबाईल पुढे केला. चकती नाही, डबी नाही. पैसे भरले, खेळ नेटवरून उतरला. हा खेळ तुझ्या चुलतभावाला देता येईल का? नाही म्हणाला. विकता येईल? तेही नाही. २०१३ मध्ये ज्या गोष्टीवरून एवढा गदारोळ झाला, ती पुढच्या सात-आठ वर्षांत गुपचूप घरात आली, सोयीच्या दाराने. दुकानात जायला नको, चकतीला ओरखडे पडायला नकोत. २०२० मध्ये तर दोन्ही कंपन्यांनी चकतीची फटच नसलेले डबे काढले. यावेळी मंचावरून कुणी नियम वाचून दाखवले नाहीत, त्यामुळे ओरडायची वेळही आली नाही.

तरी सगळे गप्प नाहीत. ‘द क्रू’ नावाचा मोटारी पळवायचा एक खेळ ३१ मार्च २०२४ ला त्याच्या फ्रेंच कंपनीने बंद केला. तो कंपनीच्या यंत्रणेशी जोडल्याशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे ज्यांनी पैसे मोजले होते त्यांचाही बंद पडला. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यांचं मागणं एवढंच की विकलेला खेळ पुढेही खेळता येईल अशी काही व्यवस्था ठेवून मगच दार बंद करा. आणि कॅलिफोर्निया राज्यात, जिथे तो टाळ्यांचा कार्यक्रम झाला होता तिथेच, १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा आला. नेटवरून मिळणारा खेळ, सिनेमा किंवा पुस्तक ‘विकत घ्या’ म्हणून विकायचं असेल, तर ही फक्त वापरायची परवानगी आहे, हे गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगावं लागतं. जे उतरवून घेऊन नेटशिवाय कायमचं वापरता येतं, त्याला ही अट नाही.

भाच्याच्या मोबाईलवर आम्ही ते बटण शोधलं. त्यावर अजून ‘विकत घ्या’ एवढंच लिहिलेलं आहे.