पेपर द्या, हवेत बोला!

मोबाइलवर बोलायला कुणी परीक्षा घेत नाही. हॅम रेडिओवर मात्र आधी पेपर, मग गप्पा! सध्या लंच अवरमध्ये माझ्या डब्याशेजारी ओहमचा नियम उघडा असतो, तो त्यासाठीच.

परीक्षा केंद्राच्या दूरसंचार विभागाची. ग्रेड दोन: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हीत रेडिओची थिअरी आणि नियम. जनरलवाल्यांना मोर्स कोडही. टिप एकच, मोर्स डोळ्यांनी नाही, कानांनी शिका. ‘व्ही’ म्हणजे तीन टिंबं आणि एक रेघ नव्हे, तर डि-डि-डि-डा! बस, लोकल, कुठेही गुणगुणा.

पास झालात म्हणून लगेच माइक हातात येत नाही. लायसन्ससाठी वेगळा अर्ज, मग कॉल साइन. भारतातल्या हॅम्सची ‘व्हीयू’ने सुरू होते. राजीव गांधींची होती व्हीयू२आरजी. आणि हो, इथे धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत.

एवढी कटकट कशाला? २००४च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) आणि काही हॅम्स छंदापायीच अंदमानात होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले. तेव्हा याच छंदिष्टांच्या सेटवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचली.

अशा दिवशी फ्रिक्वेन्सी कुणासाठी मोकळी ठेवायची, आपण कधी गप्प बसायचं, हे माहीत असलेला माणूस लागतो. पेपर त्याचाच आहे, बॉस!